सहा पौंडांची दुनळी, तीन हंगामांनंतर

बंदूक घेतेय म्हटल्यावर नवऱ्याने विचारलं, "ठेवणार कुठे?" आईने फोनवर विचारलं, "कोणाक मारूची आसा?" दोन्ही प्रश्न रास्त होते.

मी कुडाळच्या बाजूची. घरी थोरल्या काकांची बाराबोरी एकनळी होती, पीकसंरक्षणाच्या परवान्यावरची. माकडं-डुकरं हाकलायला एखादा बार काढायचा आणि निवडणूक आली की पोलीस ठाण्यात जमा करून पावती घ्यायची, एवढंच तिचं आयुष्य. १९७२ च्या वन्यजीव कायद्यानंतर शिकार आमच्याकडे फक्त आजोबांच्या गोष्टींत उरली. मिनेसोटात आल्यावर कळलं की इथे शिकारीचं लायसन्स मासेमारीच्या लायसन्सशेजारीच, त्याच काउंटरवर मिळतं. शेजारच्या आजोबांची डेझी नावाची, ब्रिटनी जातीची शिकारी कुत्री आहे. तिच्यामागे दोन वर्षं नुसती चालले आणि मग मलाही वाटायला लागलं की रिकाम्या हाताने किती फिरायचं.

आधी कागदांचं सांगते, कारण इथल्या मराठी मंडळींकडून पहिला प्रश्न तोच येतो. ३१ डिसेंबर १९७९ नंतर जन्मलेल्यांना मिनेसोटात शिकारीच्या लायसन्ससाठी फायरआर्म सेफ्टीचा कोर्स लागतो. मी ८१ ची. वर्गात मी आणि अकरा-बारा वर्षांची पोरं, आणि पेपर माझ्याआधी त्यांनी दिले. बंदूक विकत घेताना दुकानात ४४७३ नंबरचा फॉर्म भरावा लागतो. ग्रीन कार्डवाल्यांनी त्यात आपला ए-नंबर टाकायचा. एच-१बी वर असाल तर मुळात बंदूक बाळगायलाच मनाई आहे. शिकारीचं वैध लायसन्स असलं तर अपवाद मिळतो. तरी माझं ऐका, आधी वकिलाला विचारा.

आता बंदूक. मला हवी होती ती रफ्ड ग्राउजसाठी. हा तित्तिराच्याच मोठ्या कुळातला, लहानशा गावठी कोंबडीएवढ्या अंगाचा पक्षी. इथल्या उत्तर भागात, ग्रँड रॅपिड्सच्या आसपास, ॲस्पेन नावाच्या झाडांच्या कोवळ्या रानात राहतो. त्याच्यासाठी दिवसाला आठ-दहा मैल चालायचं, तेही पडलेल्या फांद्यांवरून आणि पाणथळीतून, बंदूक दोन्ही हातांत तयार धरून. इतकं चालून बार होतात तीन, फार तर चार. म्हणजे ही वस्तू मारण्यापेक्षा वाहण्याची जास्त. आठ पौंडांची बंदूक सकाळी नऊला छान वाटते. दुपारी दोनला ती खांद्यावर टाकलेली असते, आणि पक्षी नेमका तेव्हाच उडतो.

माझी मर्यादा ७०० डॉलर. इंग्रजी हातघडणीची दुनळी त्यात स्वप्नातसुद्धा बसत नाही. या किमतीत नव्या मालात तीन नावं पुन्हा पुन्हा समोर आली. ब्राझीलमध्ये बनणारी स्टोगर अपलँडर सगळ्यांत स्वस्त. हाताला भक्कम आणि त्याच हिशेबाने जड. सॅव्हेजची स्टीव्हन्स ५५५ एकावर एक नळ्यांची, तुर्कस्तानात बनते, बॉडी ॲल्युमिनियमची आणि आत जिथे मार बसतो तिथे पोलादी तुकडा. वीस बोअरमध्ये ती साडेपाच पौंडांचीच भरते. उचलली तर खेळण्यासारखी वाटली, पण इतकी हलकी नळी माझ्या हातात पक्ष्यामागे फिरता फिरता मध्येच थांबते. दुकानातल्या छताच्या कोपऱ्यावरून नेम फिरवून पाहिला, तीनदा तेच झालं. तिसरी सीझेडची बॉबव्हाइट जी-२, आडव्या जोडनळीची. सीझेडचं नाव असलं तरी बनवतात तुर्कस्तानातल्या हुग्लू गावात. कोन्या प्रांतातल्या या गावात बंदूक कारागिरांची सहकारी संस्था आहे, १९६२ पासूनची. आपल्याकडे साखर कारखाना, त्यांच्याकडे बंदुकांचा. सहकारावर वाढलेल्या माणसाला हे वाचून जरा आपुलकी वाटतेच, खोटं कशाला बोलू. मी तीच घेतली, वीस बोअरची, २८ इंची नळ्यांची. वजन सहा पौंड, म्हणजे पावणेतीन किलोला थोडं कमी.

बोअरचं गणित पुष्कळांना उलटं वाटतं. नळीच्या आतल्या मापाच्या शिशाच्या वीस गोळ्या मिळून एक पौंड भरला तर ती वीस बोअर, बारा गोळ्यांत भरला तर बारा बोअर. आकडा वाढतो तशी नळी बारीक होते. रानात ग्राउज वीस-पंचवीस यार्डांवरच दिसतो, त्याला वीस बोअरचे पाऊण औंसाहून थोडे जास्त, म्हणजे सात-अष्टमांश औंस छर्रे पुरून उरतात. पण घरात किंवा मित्राकडे बारा बोअरही असेल तर एक गोष्ट डोक्यात कोरून ठेवा. वीसचं काडतूस बाराच्या नळीत टाकलं तर ते खाली घसरून मध्येच अडकतं. वरून बघणाऱ्याला नळी रिकामी दिसते. मग बाराचं काडतूस भरून चाप ओढला की नळी फुटते, हातासकट. वीस बोअरची काडतुसं पिवळी करतात ती याचसाठी. माझ्या जाकिटात दुसऱ्या कुठल्याही रंगाचं काडतूस नसतं.

बॉबव्हाइटला दोन चाप आहेत. आजकाल लोक याला जुनाट समजतात. मी आधी एकदा उसनी आणलेली एका चापाची दुनळी घेऊन गेले होते, कोणती ते नको विचारायला. पहिलं काडतूस फुसकं निघालं आणि दुसरा बार काही केल्या होईना. त्या प्रकारच्या चापाला दुसऱ्या नळीवर जायला पहिल्या बाराचा धक्का लागतो. धक्काच नाही तर चाप तिथेच बसून राहतो. ग्राउज आरामात गेला. दोन चापांना हे नखरे नाहीत. पुढचा ओढला की उजवी नळी, मागचा ओढला की डावी. चोक म्हणजे नळीच्या तोंडाशी असलेली आवळण, छर्रे किती पसरतील ते तिच्यावर ठरतं. उजवीत मी मोकळा चोक ठेवते, डावीत जरा आवळलेला. पक्षी पायाशीच उडाला तर पुढचं बोट, लांब उडाला तर मागचं. दस्ता सरळ, इंग्रजी पद्धतीचा आहे, त्यामुळे हात एका चापावरून दुसऱ्यावर सहज सरकतो. पहिले दोन महिने मी दोन्ही वेळा पुढचाच ओढायचे आणि 'बंदूक बिघडली' म्हणून चिडायचे. शेजारचे आजोबा हसू दाबत बाजूला बघायचे.

खरी अडचण निघाली दस्त्याची. कारखान्यातून तो साडेचौदा इंचांचा येतो, म्हणजे पाच फूट नऊ-दहा इंचांच्या पुरुषाचा. मी पाच फूट दोन. बंदूक खांद्याला नेताना दस्त्याचं टोक काखेत अडकायचं. जिथे चौकशी केली त्या एका दुकानातल्या माणसाने मला बाजूला ठेवून नवऱ्याला सांगितलं, "सवय होईल त्यांना." नवरा म्हणाला, "मी शाकाहारी आहे, मला काय विचारता?" आम्ही दुसरीकडे गेलो. बंदूक अंगाला बसते का हे बघायची सोपी रीत अशी: रिकामी आहे ना हे दोनदा तपासायचं, डोळे मिटायचे, बंदूक खांद्याला लावायची, गाल लाकडावर टेकवायचा, मग डोळे उघडायचे. दोन नळ्यांमधली पट्टी सरळ समोर आणि टोकाचा मणी तिच्यावर दिसला तर बंदूक तुमची. मला नुसतं नळ्यांच्या मागचं पोलाद दिसत होतं. एका जुन्या कारागिराने दस्ता सव्वा इंच कापून रबरी पॅड बसवलं. वर १४० डॉलर गेले, पण सगळ्या खर्चात हे पैसे सर्वांत कारणी लागले. बुटक्या बायकांनो, आणि बुटक्या पुरुषांनो, हा खर्च पहिल्या दिवसापासून बजेटात धरा. सातशेतली बंदूक म्हणजे मुळात साडेपाचशेची बंदूक आणि सुतारकाम.

हलक्या बंदुकीची किंमत खांदा मोजतो. मातीच्या तबकड्या मारायच्या मैदानावर २५ काडतुसांची पेटी संपली की मी थांबते. दुसरी पेटी उघडली त्या दिवशी रात्री पोळ्या नवऱ्याला लाटाव्या लागल्या. रानात मात्र धक्का कधी जाणवलाच नाही. नळीखालचं लाकूड अगदी चिंचोळं आहे, त्यामुळे डावा हात अर्धा नळीवरच येतो. उन्हाळ्यात सराव करताना पातळ हातमोजा घाला, नळ्या चांगल्याच तापतात. नवी असताना ती उघडायला कडक असते. मी मांडीवर टेकवून उघडायचे. साधारण दोनशे बारांनंतर सैलावली.

मागच्या ऑक्टोबरची एक सकाळ सांगते. पानं गळून गेलेली, दव अजून सुकलेलं नाही. डेझी पुढे चालता चालता एकदम ताठरली, शेपूट थरथरती, नाक एका पडलेल्या ओंडक्याकडे. मी दोन पावलं पुढे टाकली आणि उजवीकडून, म्हणजे ती दाखवत होती तिथून नाहीच, धडधडत ग्राउज उठला. तो आवाज दरवेळी छातीत बसतो, कोणीतरी पत्र्याच्या पिंपात गोट्या ओतल्यासारखा. बंदूक कधी खांद्याला आली ते कळलं नाही. पुढचा चाप, आणि समोरच्या ॲस्पेनचं साल उडालं. मागचा चाप, आणि तो दोन झाडांच्या फटीत पडला. एवढ्या वेळात मी जड बंदूक फक्त अर्धी उचलली असती. काकांचा आवाज मात्र डोक्यात असतोच: "बाय, मारूचा नाय तर चापार बोट ठेवू नको." सेफ्टीचं बटण दस्त्याच्या मानेवर, अंगठ्याखाली आहे, बंदूक वर येताना अंगठा पुढे जातो, बोट त्याच्यानंतर.

पक्षी मालवणी मसाल्यात केला. छातीचं मांस पांढरं, कोंबडीपेक्षा घट्ट. वाटप कमी घाला, नाहीतर रानाची चव मरते. आणि जपून चावा. माझ्या दाताखाली दोन छर्रे आले.

फेझंट या मोठ्या पक्ष्यालाही हीच बंदूक नेते, पण तिथे सहा नंबरचे छर्रे आणि एक औंसाचं काडतूस. सरकारी पाणपक्ष्यांच्या राखीव जागांवर शिसं चालत नाही, पोलादासारखे बिनविषारी छर्रे लागतात. नव्या बंदुकीचा हा एक मोठा फायदा. आजोबांच्या काळातली सुंदर, पातळ नळ्यांची जुनी दुनळी लिलावात स्वस्त दिसते, पण तिच्यातून पोलाद मारणं म्हणजे नळ्यांची वाट लावणं. नव्या बंदुकीतही पोलाद असेल तेव्हा फुल चोक, म्हणजे पुरता आवळलेला, काढून ठेवा.

लाकूड काही दिखाऊ नाही. माझ्या दस्त्यावर दोन खोल ओरखडे आणि एक कुत्रीच्या दाताचा. शिवाय रिकामी काडतुसं ती आपोआप फेकत नाही, नुसती वर उचलून देते, बोटांनी काढायची. मला हेच आवडतं, रानात कचरा राहत नाही. काढलेली काडतुसं मी सवयीने पँटच्या खिशात टाकते आणि विसरते. काल वॉशिंग मशीनच्या रबराच्या घडीतून नवऱ्याने तीन पिवळी टरफलं काढली आणि काही न बोलता माझ्या चहाच्या कपाशेजारी रांगेत उभी केली.