हिंजवडीतील सहा महिन्यांची इंटर्नशिप: काय मिळाले, काय राहिले

अभियांत्रिकीच्या शेवटच्या सत्रात, जानेवारी ते जून असे सहा महिने, मी हिंजवडीच्या राजीव गांधी इन्फोटेक पार्कमधील एका मध्यम आकाराच्या सॉफ्टवेअर कंपनीत इंटर्न म्हणून काम केले. कंपनीचे नाव येथे देत नाही, कारण पुढे मी एक तक्रार मांडणार आहे आणि ती केवळ या कंपनीपुरती नाही, हे इतरत्र इंटर्नशिप केलेल्या मैत्रिणींशी बोलल्यावर माझ्या लक्षात आले आहे. कॅम्पसवर येणाऱ्या कंपन्या सुविधांची लांबलचक यादी दाखवतात. त्यातले कायम कर्मचाऱ्यांसाठी किती आणि इंटर्नसाठी किती, हे रुजू झाल्यावरच कळते. आमच्या ओळखपत्राची फीत केशरी होती, कायम कर्मचाऱ्यांची निळी. म्हणून प्रत्येक सुविधेला मी एकच कसोटी लावली: निळ्या फितीला जे मिळते, ते केशरी फितीलाही मिळते का?

बसच्या बाबतीत उत्तर निःसंशय होकारार्थी आहे. चिंचवडहून सकाळी 7.40 ला निघणाऱ्या कंपनीच्या बसमध्ये इंटर्नलाही जागा राखून ठेवता येत असे आणि त्याचे पैसे पडत नसत. ज्यांनी भूमकर चौकातून किंवा वाकडच्या पुलावरून संध्याकाळच्या वाहतूककोंडीत घरी जाण्याचा प्रयत्न केला आहे, त्यांना या सुविधेचे मोल वेगळे सांगायला नको. माण ते शिवाजीनगर या 23 किलोमीटरच्या मेट्रोचे खांब मी रोज खिडकीतून पाहत होते, पण माझा प्रवास सर्वस्वी बसच्याच भरवशावर होता.

कॅन्टीनही सर्वांना सारखे होते. सकाळचा नाश्ता मोफत मिळे आणि जेवणासाठी प्रत्येकाच्या कार्डावर रोज ठरावीक रक्कम जमा होई. पोहे बरे असत, उपमा अनेकदा कोरडा असे. बुधवारी पिठलं-भाकरी असे आणि त्या दिवशी रांग लिफ्टपर्यंत जाई. ती रांग मला योग्यच वाटली. सातनंतर मात्र बिस्किटांच्या पुड्यांशिवाय काही मिळत नसे.

खरा विस्ताराने सांगण्याचा भाग कामाचा आहे. पहिले तीन आठवडे जावा ही प्रोग्रामिंग भाषा आणि तिच्यासोबत वापरली जाणारी स्प्रिंग बूट ही प्रणाली यांच्या प्रशिक्षणात गेले, त्यानंतर मला पहिले तिकीट, म्हणजे दुरुस्तीचे नेमून दिलेले काम, मिळाले. चाकणच्या एका कारखान्याच्या अहवालात रात्रपाळीच्या काही नोंदी आदल्या दिवसाच्या तारखेला दिसत होत्या. सर्व्हरवर वेळ यूटीसी या जागतिक प्रमाणवेळेत साठवली जात होती, ती भारतीय वेळेपेक्षा साडेपाच तास मागे असते, आणि अहवाल तयार होताना तिचे रूपांतर न करताच तारीख काढली जात होती. त्यामुळे मध्यरात्र ते पहाटे साडेपाच या वेळेतली प्रत्येक नोंद एक दिवस मागे सरकत होती. कारण सापडायला मला दोन दिवस लागले, दुरुस्ती मात्र चार ओळींची होती. त्या चार ओळींवर कोड रिव्ह्यूमध्ये, म्हणजे सहकाऱ्यांनी केलेल्या कोडच्या तपासणीत, चौदा टिपण्या आल्या. चलाचे नाव असे का ठेवले, परदेशातला ग्राहक आला तर काय होईल, आणि मध्यरात्रीच्या एक मिनिट आधीच्या व नंतरच्या नोंदीची टेस्ट कुठे आहे, असे प्रश्न त्यात होते. मला प्रथम वाईट वाटले. पण त्याच आठवड्यात टीम लीडच्या स्वतःच्या कोडवर अकरा टिपण्या आलेल्या पाहिल्या आणि मन शांत झाले. दोघांच्या मंजुरीशिवाय कोणाचाच कोड मुख्य शाखेत (सर्वांच्या सामायिक मूळ कोडमध्ये) जात नसे, आणि या नियमाला पद पाहून सूट नव्हती. कॉलेजच्या चार वर्षांत माझा प्रोग्राम इतक्या बारकाईने कोणी वाचला नव्हता.

रिलीजच्या, म्हणजे सॉफ्टवेअरची नवी आवृत्ती ग्राहकांना देण्याच्या, दोन रात्री मी उशिरापर्यंत थांबले. महाराष्ट्र दुकाने व आस्थापना अधिनियम, 2017 नुसार रात्री साडेनऊनंतर महिलांना काम द्यायचे तर त्यांची संमती आणि सुरक्षिततेची व्यवस्था आवश्यक असते. कंपनीने माझी लेखी संमती घेतली आणि सुरक्षारक्षकासह गाडी दारापर्यंत सोडायला आली.

महिन्याला 25,000 रुपये विद्यावेतन मिळे. खोलीचे भाडे आणि इतर खर्च भागून थोडी शिल्लकही राहत असे, तेव्हा त्याविषयी माझी तक्रार नाही.

तक्रार विम्याची आहे. एप्रिलमध्ये मला टायफॉइड झाला आणि दोन दिवस रुग्णालयात काढावे लागले. टीममधील प्रत्येकाला गट आरोग्य विम्याचे संरक्षण होते, अनेकांचे आईवडीलही त्यात होते. इंटर्नला ते लागू नव्हते. बिल वडिलांनी भरले. शिवाय इंटर्नला महिन्याला एकच रजा असल्याने उरलेल्या दिवसांचे विद्यावेतन कापले गेले. केंद्र सरकारने 2024 मध्ये सुरू केलेल्या पंतप्रधान इंटर्नशिप योजनेत मासिक रक्कम 5,000 रुपयेच ठरवली होती, तरीही प्रत्येक इंटर्नला जीवनज्योती आणि सुरक्षा विमा योजनांचे संरक्षण देण्याची तरतूद होती. ते संरक्षण मृत्यू आणि अपघातापुरतेच आहे, रुग्णालयाचे बिल त्यातून भागत नाही, हे खरे. परंतु इंटर्नची जबाबदारी आपली आहे, हे तत्त्व त्यात मान्य केलेले आहे. जी कंपनी मला पिठलं-भाकरीच्या रांगेत आणि कोड रिव्ह्यूमध्ये वेगळे मानत नाही, तिने आजारपणात वेगळे मानावे, हे मला पटले नाही. एक्झिट फॉर्ममध्ये मी हे याच शब्दांत लिहिले आहे.

कंपनीने दिलेली पूर्णवेळ नोकरी मी स्वीकारली आहे. जुलैपासून माझी फीत निळी असेल आणि विमा पहिल्या दिवसापासून लागू होईल. पुढील जानेवारीत येणाऱ्या तुकडीच्या विम्याविषयी मी मनुष्यबळ विभागाला लेखी विचारले आहे. उत्तर आले की ते येथे जोडेन.