घारापुरी (एलिफंटा), लहान मुलांना घेऊन जाणार असाल तर

जानेवारीतल्या एका शनिवारी गेलो होतो, आम्ही दोघं, सासूबाई, सहा वर्षांचा मुलगा आणि साडेतीनची मुलगी. शनिवार मुद्दाम, कारण रविवारी मेगाब्लॉक आणि सोमवारी लेणी बंद.

गेटवेहून लाँचला साधारण तास लागतो आणि खरं सांगते, मुलांचे निम्मे पैसे इथेच वसूल. वरच्या डेकचे थोडे जास्त घेतात, द्या. नेव्हीची जहाजं, तेलाचे टँकर, लांबून न्हावा शेवाच्या क्रेन, आणि थंडीत सीगल अगदी हाताला लागतील इतक्या जवळून उडतात. लोक त्यांना चिप्स टाकतात, आम्ही नाही टाकू दिले म्हणून मुलगा रुसून बसला. लाइफ जॅकेट सगळ्यांना घालायला लावलं ते आवडलं, पण लहान मुलांच्या साइझचं आमच्या लाँचवर नव्हतंच, धाकटीचे वरून फक्त दोन डोळे आणि पोनी दिसत होती. नुसतं घातलं म्हणजे झालं असं नाही ना.

धक्क्यापासून पायऱ्यांपर्यंत टॉय ट्रेन आहे, पण जाताना आम्ही ती घेतलीच नाही कारण ओहोटी होती आणि बाजूच्या चिखलात निवट्या उड्या मारत होत्या. मासा आणि चालतो! मुलगा कठड्याला चिकटला तो अर्धा तास हलेना. सासूबाईंचं माहेर उरणचं, त्यांनी निवट्यांचं कालवण कसं करायचं तेही तिथेच सांगून टाकलं, मग धाकटी रडायला लागली, असो.

पुढे सव्वाशेच्या आसपास पायऱ्या, दोन्ही बाजूला दुकानं, वर ताडपत्री त्यामुळे ऊन लागत नाही. पण प्रत्येक दुकानात दगडी हत्ती आणि प्रत्येक हत्ती हवा. स्ट्रोलर नेऊ नका, काही उपयोग नाही. वयस्कर माणसांसाठी डोलीची खुर्ची मिळते, सासूबाई म्हणाल्या मी काय नवरी आहे का, आणि आमच्या आधी वर पोचल्या.

वर माकडं. खाण्याची पिशवी हातात दिसायला नको, सॅकच्या आत. मुलाच्या हातातलं ज्यूसचं पाकीट एका माकडाने नेलं आणि समोरच बसून कोपरा दाताने फाडून प्यायलं, स्ट्रॉ फेकून दिला.

लेण्याचं तिकीट मोठ्यांना ४० रुपये, १५ वर्षांखालच्यांना फ्री. मुलांना आत वीस मिनिटं धरा, जास्त नाही. त्रिमूर्ती जवळजवळ वीस फूट उंच, आतल्या अंधारातून ते चेहरे हळूहळू दिसायला लागतात तेव्हा आमचा बडबड्याही दोन मिनिटं गप्प होता. मग त्याला कैलास हलवणारा रावण सापडला. आणि नंतर एकच प्रश्न, एलिफंटा ना मग हत्ती कुठाय? तर हत्ती होता, दगडाचा, त्याच्यावरूनच पोर्तुगीजांनी हे नाव दिलं. इंग्रजांनी तो विलायतेला न्यायचा घाट घातला आणि उचलताना तुटला. जोडलेला हत्ती आता भायखळ्याला राणीबागेला लागून जे म्युझियम आहे तिथे आहे. हे घरूनच सांगून न्या, नाहीतर आमच्यासारखं पेंग्विन अधिक हत्ती अशी दुसरी ट्रिप कबूल करावी लागेल.

जेवणाचं मात्र वाईट. एका हॉटेलात बसलो, नाव नाही लिहीत, साध्या वरणभाताला पाऊण तास आणि आला तो गारढोण. टॉयलेटलाही पाण्याची बाटली आपली न्यावी. पोळीभाजी घरून न्या, वर थोडे पेरू आणि कैऱ्या घ्या, गावातल्या बायका तिखटमीठ लावून देतात (सासूबाईंच्या मते महाग, पण सगळ्यात जास्त त्यांनीच खाल्ले).

परतीला तीनच्या आत लाँच धरा, नंतर धक्क्यावर गर्दी होते. धाकटी त्या मोठ्या जॅकेटमध्येच झोपली, गेटवेला काढताना पण उठली नाही.

माझे पाचपैकी साडेतीन. मुलाचे पाच, पण ते निवट्यांना.