रिसॉर्टचा चॅम्पियनशिप गोल्फ कोर्स: काही महिने खेळल्यानंतर

पार (म्हणजे अपेक्षित फटके) ७२, मागच्या टीवरून (म्हणजे खेळ सुरू करण्याच्या जागेवरून) ७,००० यार्डांच्या वर. जाहिरातीतले फोटो पाहिले तर सगळीकडे पाणीच पाणी. पण गेले काही महिने नियमित खेळल्यावर सांगतो, इथे स्कोअर बिघडतो तो पाण्यामुळे कमी आणि ग्रीनच्या (भोकाभोवतीच्या बारीक कापलेल्या हिरवळीच्या) नको त्या बाजूला चेंडू राहिल्यामुळे जास्त.

टी निवडण्याआधी स्लोप बघा, म्हणजे सामान्य खेळाडूला कोर्स किती अवघड जातो त्याचा आकडा. प्रमाण कोर्सचा स्लोप ११३ धरतात, कमाल १५५. इथे मधल्या टीलाच १३५. म्हणजे हँडिकॅप इंडेक्स (तुमच्या खेळाचा दर्जा सांगणारा आकडा) १८ असेल तर १८ गुणिले १३५ भागिले ११३, साडेएकवीस शॉटची सूट. शिवाय कोर्स रेटिंग (निष्णात खेळाडूचा अपेक्षित स्कोअर) आणि पारमधला फरक वेगळा. पाच नंबरच्या आयर्नचं (लोखंडी डोक्याच्या क्लबचं) अंतर गुणिले ३६ हा जुना हिशेबही इथे कामी येतो. ते आयर्न १५० यार्ड जात असेल तर ५,४०० यार्डांची टी तुमची. तरी दर ग्रुपमध्ये एकजण हौसेने मागे जातोच, आणि मागचे सगळे ताटकळतात.

सातवा होल माझा सर्वात आवडता. कागदावर साधा पार चार. ग्रीन मागून पुढे उतरतं, उजवीकडे खोल बंकर (वाळूचा खड्डा), डावीकडे अगदी बारीक कापलेला उतार. पिन (भोकातली काठी) पुढे असली की डावीकडे पडलेला चेंडू घरंगळत थेट खाली येतो. तिथून वेजने (चेंडू उंच उडवणाऱ्या क्लबने) नाजूक चिप, म्हणजे छोटा उचल फटका, मारायला गेलात की चेंडू वर चढतो, थांबतो आणि परत तुमच्याच पायाशी. मी पुष्कळांचं हे होताना पाहिलंय. पटर (चेंडू जमिनीवरून घरंगळवायचा क्लब) काढा, जोरात ढकला, दोन पटमध्ये संपवा. बंकर त्या मानाने बरा. तिथून निदान चेंडू ग्रीनवर तरी थांबतो.

ग्रीन बर्म्युडा गवताचे आहेत, त्यामुळे गवताचा कल वाचावा लागतो. समोर गवत चकाकताना दिसलं तर पट पळतो, गडद दिसलं तर अडतो. सकाळी दव असताना जो पट आखूड पडतो, तोच दुपारी भोकाच्या चांगलाच पुढे जातो.

तक्रार एकच, पण मोठी: वेग. टीच्या वेळा इतक्या जवळजवळ दिल्यात की प्रत्येक पार तीनवर रांग लागते. २०१९ पासून चेंडू शोधायला पाचऐवजी तीनच मिनिटं आहेत, पण मार्शल (खेळाचा वेग सांभाळणारा कर्मचारी) कुणाला हटकत नाही. चेंडू हरवला तर दोन शॉटची भर घालून फेअरवेच्या (होलच्या मधल्या कापलेल्या पट्ट्याच्या) कडेला ड्रॉप घेण्याचा, म्हणजे चेंडू टाकून पुढे खेळण्याचा, स्थानिक नियम लावता येतो. रिसॉर्टवर तो हवाच, पण इथल्या स्कोअरकार्डावर नाही. बंकरची वाळूही एकसारखी नाही. पहिल्या नऊ होलवर भुसभुशीत, पुढे कडक. कार्टमधला जीपीएस मात्र चोख.

जमलं तर दिवसातली पहिली वेळ घ्या. ती गेली असेल तर दहाव्या होलपासून सोडता का, असं स्टार्टरला (ग्रुप सोडणाऱ्या कर्मचाऱ्याला) विचारून बघा. गर्दी नसेल तर सोडतात.