अंगणाच्या कडेला क्रिओसोट: जुने स्लीपर की झुडूप?

अमेरिकेतल्या वाळवंटी फिनिक्सला घर घेतलेल्या भाचीने विचारलं, "मावशी, अंगणाच्या कडेला जुने रेल्वे स्लीपर टाकू की क्रिओसोटची झुडपं लावू?" नाव एकच, पण नातं फक्त वासाचं. लाकूड कुजू नये म्हणून स्लीपरला लावतात ते क्रिओसोट दगडी कोळशाच्या डांबरातून निघतं. झुडपात ते नसतंच.

टिकाऊपणा: स्लीपरला वाळवी सहसा लागत नाही, ते कित्येक वर्षं टिकतात. झुडूप त्याहून चिवट. मोहावे वाळवंटातला या झुडपांचा एक पुंजका सुमारे ११,७०० वर्षांचा मानतात.

मेहनत: स्लीपर उचलायला दोघं-तिघं हवीत, पण काम एका दिवसात संपतं. झुडूप सावकाश वाढतं. सुरुवातीला पाणी घालावं लागतं, मग पावसावर भागतं.

आरोग्य: इथे माझं मत पक्कं आहे. उन्हात तापलेल्या स्लीपरमधून काळा चिकट द्रव पाझरतो, कातडीची आग होते, कर्करोगाचाही धोका असतो. अमेरिकेत त्याच्या घरगुती वापराला परवानगी नाही. झुडपाच्या पानांचा काढा मात्र पिऊ नये, यकृताला इजा होते.

क्रिओसोट लावलेलं लाकूड रुळाखाली आणि विजेच्या खांबांना योग्य. माती लगेच अडवायची असेल तर दगड रचा. लेकरं खेळणार असतील आणि काही वर्षं थांबायची तयारी असेल, तर झुडूपच लाव. पाऊस आला की त्याच्या चिकट पानांचा वास अंगणभर पसरतो.