येऊरपासून हेमकुंडच्या वाटेपर्यंत: ट्रेकिंगचं सामान दहा महिने वापरल्यावर

डिसेंबरमध्ये मी ट्रेकिंगचं जवळजवळ सगळं सामान नव्याने घेतलं. ३० लिटरची सॅक, घोट्याच्या वर येणारे बूट, रेन जॅकेट, काठ्यांची जोडी आणि हेडटॉर्च. सप्टेंबरमध्ये मी आणि माझी नणंद, आम्ही दोघींनी उत्तराखंडमधल्या हेमकुंडला जायचं ठरवलं होतं. मी अठ्ठेचाळीस वर्षांची, ती माझ्याहून पाच वर्षांनी लहान. दोघीही ठाण्यात, म्हणजे समुद्रसपाटीलाच राहणाऱ्या. चढाई जिथून सुरू होते ते घांगरिया गाव ३००० मीटरच्या आसपास आहे आणि तिथून हेमकुंड ६ किलोमीटर, ४००० मीटरच्याही वर. एका दिवसात चढून त्याच दिवशी खाली यायचं, कारण वर रात्री कोणालाच राहू देत नाहीत. अशा दिवसाला सामानातली छोटी चूकसुद्धा महागात पडते, म्हणून हे सविस्तर लिहितेय.

नवं घ्यायचं कारण जुने बूट. नोव्हेंबरमध्ये बारी गावातून कळसूबाईला चढताना, दुसऱ्या शिडीच्या अलीकडे उजव्या बुटाचा तळ टाचेपासून सुटला आणि लोंबायला लागला. मधला थर हाताला लागला तर खडूसारखा भुगा होत होता. सॅकचा एक पट्टा काढून बूट बांधला आणि तशीच खाली उतरले. ठाणे स्टेशनजवळ बूट दुरुस्त करणाऱ्या काकांना दाखवला. त्यांनी नुसता दाबून पाहिला आणि म्हणाले, "ताई, हा शिवून उपयोग नाही, आतला फोम मेलाय." पाच वर्षांत मी ते बूट जेमतेम वीस वेळा घातले असतील, बाकी सगळा काळ माळ्यावर खोक्यात. नंतर समजलं की पॉलियुरेथेनचा फोम हवेतल्या ओलाव्याने हळूहळू तुटत जातो, आणि बंद खोक्यात तर अजूनच. आपल्याकडच्या पावसाळ्यात हे होणारच. ट्रेकला निघण्याआधी महिनाभर तरी बूट काढून तळ अंगठ्याने जोरात दाबून बघा. भेगा दिसल्या किंवा कडेचा गोंद सुटलेला दिसला तर त्या बुटावर जीव टाकू नका.

नवे बूट मी संध्याकाळी, पाय थोडे सुजलेले असताना, जाड मोजे घालून घेतले. तरी खारघरच्या डोंगरावरून उतरताना दोन्ही अंगठ्यांची नखं काळी पडली. बूट लहान नव्हते, नाडी सैल होती. घोट्यापाशी नाडी दोनदा गुंडाळून घट्ट केली की टाच मागे बसते आणि बोटं पुढे आपटत नाहीत. हे कळल्यापासून दहा महिन्यांत तक्रार नाही. तळाची पकड ओल्या कातळावरही चांगली आहे, शेवाळावर मात्र कुठल्याच बुटावर विसंबू नये.

रेन जॅकेटबद्दल माझं मत मधेच बदललं. लेबलवर १०,००० मिलिमीटर लिहिलं होतं, म्हणजे कापड पाण्याचा किती दाब अडवतं त्याचं माप, आणि मी निर्धास्त होते. जुलैत भर पावसात सॅक पाठीवर घेऊन उपवन तलावाभोवती दोन तास चालले. सॅकचे पट्टे जिथे खांद्यावर दाबतात तिथे पाणी आत आलं, आणि बाकीचं अंग घामाने ओलं. घरी पोचायला पाच मिनिटं होती म्हणून काही वाटलं नाही. पण उंचीवर दर हजार मीटरला तापमान साधारण साडेसहा अंशांनी उतरतं. म्हणजे ४००० मीटरवर समुद्रकाठापेक्षा पंचवीसेक अंश कमी. तिथे ओला कपडा आणि वारा एकत्र आले की शरीराची ऊब झपाट्याने जाते, आणि सुती कपडा तर ओला झाला की वाळतच नाही. त्या दिवसापासून सुती बनियनसुद्धा बंद केलं. सॅकच्या आत कचऱ्याची मोठी काळी पिशवी घालते आणि कोरडे कपडे, मोजे, लोकरी टोपी, हातमोजे सगळं त्यात. सॅकवरचं रेनकव्हर पाठीकडून येणारं पाणी अडवत नाही, ही पिशवी अडवते. जॅकेट वापरून झालं की पंख्याखाली वाळवते, कारण घडी घालून ठेवलेल्या आधीच्या जॅकेटचं आतलं कोटिंग चिकट होऊन सोललं होतं.

काठ्यांची पहिली जोडी फिरवून घट्ट करायची होती. ओल्या हाताने नीट आवळली जायची नाही आणि उतारावर भार टाकला की आत सरकायची. ती बदलून खटक्याच्या लॉकची घेतली. चढताना थोड्या आखूड, उतरताना थोड्या लांब. गुडघ्यांना खरा फरक उतरतानाच कळतो. पाण्याची नळीवाली पिशवी मात्र सोडून दिली. दमट हवेत नळीत काळे डाग धरतात आणि किती पाणी उरलं ते दिसत नाही. एकेक लिटरच्या दोन बाटल्या आणि ओआरएसची पाकिटं पुरतात, वाटेत पाणी भरता येत असेल तर. हेडटॉर्च उत्तम आहे, फक्त सॅकमध्ये बटण दाबलं जातं, म्हणून एक सेल उलटा घालून ठेवते.

सरावासाठी ठाण्याजवळच्या येऊरच्या डोंगरात जाता आलं तेव्हा गेलो, नाहीतर आमच्या इमारतीचे चौदा मजले. सॅकमध्ये सहा लिटर पाणी भरून चढायचं, गच्चीवरच्या कुंड्यांना ते घालायचं आणि लिफ्टने खाली. असे पाच-सहा फेरे. गुडघे वाचतात आणि मांड्या तयार होतात.

पण विरळ हवेचा सराव ठाण्यात होत नाही. हेमकुंडला हवेचा दाब समुद्रसपाटीच्या साधारण ६० टक्केच असतो. म्हणून आम्ही जोशीमठला एक रात्र आणि घांगरियाला दोन रात्री ठेवल्या. मधल्या दिवशी व्हॅली ऑफ फ्लॉवर्सला जाऊन परत खाली झोपायला आलो. डॉक्टरांना विचारून डायमॉक्स, म्हणजे उंचीच्या त्रासावरचं औषध, सोबत ठेवलं होतं. आणि निघण्याआधी दोघींनी एक गोष्ट कबूल केली होती: डोकं दुखतंय आणि सोबत मळमळ, उलटी किंवा चक्कर आहे, तर वर एक पाऊलही नाही.

पहाटे पाचला निघालो. ५ किलोमीटरला एक तास आणि ६०० मीटर चढाला आणखी एक, या जुन्या हिशेबाने सव्वातीन तास येतात. मी पाच धरले होते, कारण तो हिशेब विरळ हवा धरत नाही. नणंद माझ्यापेक्षा तयारीची, सतत पुढे. नऊच्या सुमारास ती एका दगडावर बसली, कपाळ दाबून. धपाटा पुढे केला तर मान फिरवली. दहा मिनिटांनी उलटी झाली. "वहिनी, तासाभराचंच राहिलंय, हळूहळू जाऊ," ती म्हणाली. वरच्या वळणावर ब्रह्मकमळं दिसत होती. मलाही जायचं होतं, खूप जायचं होतं. मी तिची सॅक घेतली, तिच्या काठ्या लांब करून दिल्या आणि आम्ही खाली वळलो.

अर्ध्या वाटेत पाऊस लागला. काळ्या पिशवीतले कोरडे हातमोजे आणि टोपी तिला घातली. जसजसे खाली आलो तसं तिचं डोकं उतरत गेलं आणि घांगरियात तिने स्वतःहून खिचडी मागितली. फिट माणसालाही उंची लागते, कधी फिट माणूस जोरात चालतो म्हणूनच लागते.

आज बूट बाल्कनीत सावलीला उघडे ठेवलेत, खोक्यात नाही. दोन्ही तळ घट्ट आहेत. नणंदेने पुढच्या सप्टेंबरचा हिशेब मांडलाय, जोशीमठला दोन रात्री आणि घांगरियाला तीन. काल फोन करून विचारत होती, "वहिनी, तुमच्या गच्चीत चढायला कधीपासून येऊ?"