यामाहा वायझेड १२५: बुटक्या, हलक्या आणि नवख्या रायडरसाठी रिव्ह्यू

उंची पाच फूट तीन इंच, वजन ५४ किलो. बूट, हेल्मेट, नी-ब्रेस, चेस्ट प्रोटेक्टर चढवलं की काटा ६३ वर जातो. हे आधीच सांगून टाकते, कारण मोटोक्रॉसच्या, म्हणजे मातीच्या उंचसखल ट्रॅकवर शर्यतीत पळवायच्या गाडीबद्दल लिहिणाऱ्यानं स्वतःचं वजन सांगितलं नाही तर त्या लिखाणाचा वाचणाऱ्याला काडीचा उपयोग नाही. एकच फोर्क (पुढच्या चाकाचं सस्पेन्शन) एकाला लोण्यासारखा वाटतो आणि दुसऱ्याचे दात खिळखिळे करतो.

माझी गाडी २०२२ नंतरची, म्हणजे इंजिन, कार्ब्युरेटर आणि प्लास्टिक बदलून आलेली. पेट्रोल-तेलासकट वजन ९५ किलोच्या आसपास. यामाहाचीच फोर-स्ट्रोक वायझेड २५० एफ त्यापेक्षा दहा-अकरा किलोंनी जड आहे. कागदावर हा फरक किरकोळ दिसतो. चिखलात आडवी पडलेली गाडी दम लागलेला असताना एकटीनं उचलायची वेळ आली की तो किरकोळ राहत नाही.

गाडी ठरवण्याआधी क्लास ठरवा, असं मी प्रत्येक नवख्याला सांगते. एफआयएम या जागतिक मोटरसायकल महासंघाच्या एमएक्स२ वर्गाच्या नियमांत १२५ सीसीपर्यंतची टू-स्ट्रोक आणि २५० सीसीपर्यंतची फोर-स्ट्रोक एकाच वर्गात धावतात. तिथं सरळ रेषेत १२५ चा निभाव लागणं कठीण, आणि खोल वाळूतला चढ असेल तर विचारूच नका. तुम्ही जिथं धावणार तिथं फक्त १२५ टू-स्ट्रोकचा वेगळा क्लास असेल किंवा नवख्यांचा क्लास असेल, तर ही गाडी डोळे झाकून घ्या. नसेल तर २५० एफचा विचार करायला हरकत नाही. पण मला विचाराल तर शिकण्यासाठी तरीही हीच.

कारण हिचा स्वभाव. खालच्या आरपीएमला ही गाडी जवळजवळ झोपलेली असते. एक्झॉस्टच्या तोंडाशी असलेला पॉवर व्हॉल्व्ह वरच्या आरपीएमला उघडला की मग एकदम अंगात येते, आणि जोराचा तो पट्टा फार रुंद नाही. गिअर सहा आहेत आणि ते सगळे वापरावे लागतात. वळणातून बाहेर पडताना चुकीचा गिअर असेल तर गाडी भुर्र न करता नुसती बुऽऽ करत राहते, मागचे तिघे पुढे निघून जातात. इंजिन ब्रेकिंग नावापुरतं, त्यामुळे थ्रॉटल सोडून वेग आपोआप कमी होईल ही आशा सोडा. ब्रेक कुठं धरायचा आणि क्लच किती सोडायचा, हे हातांना शिकावंच लागतं. २५० एफवर हे सगळं टॉर्कच्या पांघरुणाखाली लपून जातं.

सेल्फ स्टार्ट नाही, फक्त किक. केटीएमच्या १२५ एसएक्सला २०२३ पासून कार्ब्युरेटरऐवजी फ्युएल इंजेक्शन आणि स्टार्टचं बटण दोन्ही आहे, त्यामुळे तुलना होणारच. शर्यतीत पडल्यावर बटण हवंहवंसं वाटतं, यात वाद नाही. पण तिकडे पुढं एअर फोर्क आहे, म्हणजे स्प्रिंगऐवजी हवेचा. दर राइडआधी पंप घेऊन हवा तपासायची. इथं साधा कॉइल स्प्रिंगचा ४८ मिमीचा केवायबी कंपनीचा फोर्क आहे, आणि नवख्याला एक गोष्ट कमी बघावी लागते. मी किक पत्करली. क्लच दाबून गिअरमध्येही किक मारता येते, न्यूट्रल शोधत बसावं लागत नाही, हे त्यातल्या त्यात बरं.

कार्ब्युरेटरची मात्र तयारी ठेवा. हवा थंड आणि दाट झाली की जेट (पेट्रोल सोडणारा बारीक भोकाचा तुकडा) मोठा लागतो, उंचावर गेलात की लहान. पेट्रोल-तेलाचं मिक्स्चर मॅन्युअलप्रमाणे ३०:१, म्हणजे ५ लिटर पेट्रोलला साधारण १६७ मिली टू-टी (टू-स्ट्रोकचं) ऑइल. ‘थोडं जास्तच घाल, इंजिनाला बरं’ म्हणणारे भेटतील. तेल वाढवलं की त्याच जेटमधून पेट्रोल कमी जातं आणि मिश्रण उलट लीन, म्हणजे पेट्रोल कमी आणि हवा जास्त असं होतं. मोजपात्र घ्या, अंदाजपंचे ओतू नका.

आता सेटअप. नवखी मंडळी इथंच कंटाळा करतात आणि एक्झॉस्ट पाइप बघायला लागतात. खरा पैसा आणि वेळ इथंच घालावा.

सीट जमिनीपासून जवळपास ९७५ मिमी. मोटोक्रॉसच्या मोठ्या गाड्या एवढ्याच उंच असतात, पण माझा एकच पाय, तोही चवड्यावर, टेकत होता. मागची लोअरिंग लिंक (मागचं सस्पेन्शन खाली आणणारा सांधा) बसवायचा सल्ला मिळाला होता. मी ती घेतली नाही. लिंकनं फक्त मागची बाजू खाली येते, पुढचा फोर्क जास्त कलंडतो आणि गाडी वळणात रुंद पळायला लागते. मग ती भरपाई करायला फोर्क क्लॅम्पमधून वर सरकवा, असं एकातून एक निघत जातं. त्याऐवजी सीटचा फोम कापून घेतला, आणि सस्पेन्शनवाल्याकडून पुढचा फोर्क आणि मागचा शॉक दोन्ही आतून स्पेसर घालून थोडे खाली आणले. पुढची-मागची बाजू सारखी उतरली, गाडीचा तोल तसाच राहिला. स्टार्ट गेटवर पायाखाली लाकडी ठोकळा ठेवते. नियमात चालतो का, ते आयोजकांना आधी विचारून घ्यावं.

मग सॅग, म्हणजे वजनानं मागचं सस्पेन्शन किती खाली बसतं ते. भाच्याला मेजरिंग टेप घेऊन बसवलं. गाडी सुट्या स्टँडवर, मागचं चाक हवेत, अ‍ॅक्सलपासून सरळ वर मडगार्डवर मार्करनं केलेल्या खुणेपर्यंत ६१२ मिमी. मग मी बूट-हेल्मेटसकट पूर्ण राइडिंग गिअर घालून फूटपेगवर. मी जरा पुढं झुकले तर खालून ओरडला, “मावशी, हलू नकोस गं, आकडा पळतोय!” माझ्यासकट ५१०. म्हणजे रेस सॅग (रायडरसकटचा) १०२, अगदी हवा तसा, कारण १०० च्या आसपासच तो ठेवायचा असतो. बहुतेक जण इथंच पाना ठेवून देतात. पण मी खाली उतरल्यावर गाडी एकटी उभी करून पुन्हा मोजलं तर ५६४. म्हणजे स्वतःच्याच वजनानं गाडी ४८ मिमी बसली होती. हा स्टॅटिक सॅग (रिकाम्या गाडीचा) ३० ते ४० मध्ये हवा.

याचा अर्थ पहिल्यांदा ऐकताना उलटा वाटतो. गाडी एकटीच जास्त बसते, म्हणजे स्प्रिंग मऊ असेल, असं कुणालाही वाटेल. प्रत्यक्षात ती माझ्यासाठी कडक होती. माझ्या वजनानं कडक स्प्रिंग पुरेशी दबत नाही, म्हणून १०२ गाठायला प्रीलोडची रिंग (स्प्रिंग आधीपासून किती दाबून ठेवायची ते ठरवणारी) भरपूर सैल करावी लागली, आणि रिंग सैल म्हणून रिकामी गाडी जास्त खाली बसली. वजनदार माणसाचं नेमकं याच्या उलट होतं: रेस सॅग जुळवेपर्यंत रिंग एवढी आवळली जाते की रिकामी गाडी जेमतेम १५-२० मिमी बसते. त्याला कडक स्प्रिंग हवी. कंपनीतून येणाऱ्या स्प्रिंगा मधल्या वजनाच्या रायडरसाठी असतात. मी दोन्हीकडे एकेक पायरी मऊ घातल्या. मऊ स्प्रिंग परत येताना कमी जोर लावते, म्हणून रिबाउंडही (दबलेलं सस्पेन्शन परत वर येण्याचा वेग ठरवणारा स्क्रू) एक-दोन क्लिक उघडला.

फरक लगेच कळला. आधी ब्रेकिंग बंपवर (वळणाआधी ब्रेक मारून मारून पडलेल्या खड्ड्या-उंचवट्यांवर) पुढचं चाक टणाटणा उडायचं आणि तिसऱ्या-चौथ्या लॅपला मनगटापासून कोपरापर्यंत हात दगड व्हायचा. ते बरंच कमी झालं. क्लिकरशी (सस्पेन्शनच्या टकटक फिरणाऱ्या स्क्रूंशी) नंतर खेळा, एका वेळी एकच बदला, आणि आधी पूर्ण आत फिरवून मूळ क्लिक मोजून वहीत लिहा. फोर्कच्या वरचे हवेचे स्क्रू पुढचं चाक उचलून अधूनमधून उघडायचे. आत साठलेली हवा फुस्स करून जाते.

बाकी पटापट. क्लच-ब्रेकचे लिव्हर उभं राहून चालवताना मनगट सरळ राहील इतके खाली, आणि क्लॅम्प थोडे ढिले, म्हणजे पडल्यावर लिव्हर तुटण्याऐवजी फिरतात. टायरमध्ये १२ ते १५ पीएसआय, रिम लॉक (टायर रिमवर घसरू न देणारी पकड) घट्ट. नवीन गाडीचे स्पोक पहिल्या राइडनंतर आवळाच. मागचं स्प्रॉकेट ४८ दात्यांचं येतं. मी ४९ केलं, दुसऱ्यातून तिसऱ्यात गेल्यावर इंजिन त्या जोराच्या पट्ट्यातून घसरत नाही. एअर फिल्टर दर राइडनंतर धुवायचा, तेल लावायचं. आळस केलात तर धूळ सरळ पिस्टनवर. मॅन्युअलमध्ये देखभालीची मुदत शर्यतींत मोजली आहे, त्यावरून काय ते समजा. सुदैवानं टू-स्ट्रोकचं टॉप एंड (पिस्टन-सिलिंडरचा वरचा भाग) घरच्या गॅरेजमध्ये उघडता येतं, व्हॉल्व्ह-कॅम-टायमिंग चेन हा पसाराच नाही.

सेकंड हँड बघत असाल तर आधी सीट काढून फिल्टरच्या मागच्या रबरी नळीत बोट फिरवा. धूळ लागली तर तिथून निघा, मालक कितीही गोड बोलत असला तरी. मग मागचं चाक धरून वर-खाली हलवा, मागच्या सस्पेन्शनच्या सांध्याची (लिंकेजची) बेअरिंग गेली असेल तर खटखट ऐकू येते.

पाच पैकी साडेचार. अर्धा मार्क किकचा कापला. पूर्ण गिअरसकट ९० किलोंच्या वर असाल तर ही गाडी तुम्हाला चढावर रडवेल, २५० एफ घ्या. जंगलातली लांब पल्ल्याची शर्यत करायची असेल तर हिचीच बहीण वायझेड १२५ एक्स बघा, तिला मागं १८ इंची चाक आणि साइड स्टँड आहे. माझ्या गाडीला स्टँडसुद्धा नाही, कुठंही थांबलं की भिंत शोधावी लागते.