थारला लावायचा बिननावाचा एलईडी किट: दिवे ठेवा, वायरिंग फेकून द्या

खोक्यावर कंपनीचं नाव नाही, किंवा आहे ते पुढच्या खेपेला बदललेलं असतं. आत तीन इंची चौकोनी एलईडी पॉडची (छोट्या जादा दिव्यांची) जोडी, तयार हार्नेस (जोडून ठेवलेल्या वायरींचा संच), रिले (छोट्या करंटने मोठा करंट चालू-बंद करणारा स्विच), फ्यूज, लाल बत्तीचं बटण, दोन पट्ट्या आणि नट-बोल्टची पुडी. ऑनलाइन साधारण दोन-अडीच हजारांत मिळणारा हा किट आज थार, बोलेरो, जिम्नी अशा गाड्यांवर सर्रास दिसतो. निकाल आधीच सांगून टाकतो: दिवे पैशाच्या मानाने बरे, पट्ट्या कामचलाऊ, वायरिंग टाकाऊ. बहुतेक लोक मात्र पारखतात ते दिवे, आणि हार्नेस 'प्लग अँड प्ले' आहे म्हणून जशीच्या तशी जोडून मोकळे होतात.

आधी दिवे. खोक्यावर ४० वॅट, ६० वॅट, काही वेळा १२० वॅटही छापलेले असतात. त्या आकड्यावर जाऊ नका. मल्टिमीटर दहा अँपिअरच्या रेंजवर ठेवून पॉडच्या लाल वायरीत मधे लावला की या आकाराचा पॉड दीड ते दोन अँपिअर घेताना दिसतो. इंजिन चालू असताना व्होल्टेज १३.८ धरलं तर हे २१ ते २८ वॅट झाले. तीन इंची अॅल्युमिनियमच्या घरातून एवढीच उष्णता नीट बाहेर जाऊ शकते, त्यामुळे खरा आकडा कमी आहे हे चांगलंच. गाडी उभी करून अर्धा तास दिवे पेटते ठेवले की मागच्या पाकळ्या हात लावू न देण्याइतक्या तापतात. चालत्या गाडीत वारा लागतो, तेव्हा ही अडचण येत नाही.

प्रकाशाचा आकार घेतानाच ठरवा. 'स्पॉट' लांब आणि अरुंद पडतो, 'फ्लड' जवळ आणि रुंद. ताम्हिणी-माळशेजच्या पावसाळी धुक्यात यातला कुठलाच पांढरा पॉड कामाचा नाही. प्रकाश धुक्याच्या थेंबांवरून परत डोळ्यांत येतो आणि समोर पांढरी भिंत उभी राहते. धुक्यासाठी वरची कड कापल्यासारखी सरळ असलेला, रुंद झोताचा फॉग लॅम्प लागतो आणि तो बंपरमध्ये जितका खाली बसेल तितका बरा. पिवळ्या रंगाने डोळ्यांना आराम वाटतो हे खरं, पण पिवळी फिल्म चिकटवलेला स्पॉट म्हणजे फॉग लॅम्प नव्हे. टपावर लावलेल्या दिव्याचा प्रकाश बॉनेटवर पडून चकाकतो, त्याने उलट लांबचं दिसणं कमी होतं. ट्रेलवर, म्हणजे कच्च्या वाटेवर, रात्री गाडी हळू काढायची असेल तर ए-पिलरजवळ (पुढच्या काचेच्या बाजूचा खांब) फ्लडची जोडी, हा या किटचा सगळ्यात योग्य उपयोग.

आता मूळ दुखणं. हार्नेसची वायर जाडजूड दिसते, पण ती जाडी प्लॅस्टिकची असते. टोक सोलून एक तार ब्लेडने खरवडा: वरचा तांबडा थर निघून आत चंदेरी धातू दिसला, तर ती तांब्याचा मुलामा दिलेली अॅल्युमिनियमची तार आहे. लायटरच्या ज्योतीत धरली की तांब्याची बारीक तार लालबुंद होऊन तशीच राहते, अॅल्युमिनियमची वितळून गोळा होते. अशा तारेचा विरोध त्याच जाडीच्या तांब्याच्या साधारण दीडपट असतो.

हिशोब करून बघा. बॅटरीपासून बंपरपर्यंत जायला-यायला मिळून चार मीटर वायर, आतली तार ०.५ चौरस मिलिमीटर, मुलाम्याची. विरोध सुमारे ०.२ ओहम. दोन पॉडचे चार अँपिअर म्हणजे ०.८ व्होल्ट वाटेतच गेले. एलईडीच्या आतला ड्रायव्हर (करंट ठरावीक ठेवणारं सर्किट) ही घट भरून काढायला जास्त करंट ओढतो, म्हणून प्रकाश कमी झालेला दिसत नाही, पण वायर तापते. हीच हार्नेस ५५ वॅटच्या हॅलोजन जोडीला लावली तर नऊ अँपिअर जातात, जवळपास दोन व्होल्ट पडतात आणि प्रकाश चाळीसेक टक्क्यांनी उतरतो. मग लोक बल्बला शिव्या घालतात.

त्यावर कडी म्हणजे फ्यूज. किटमध्ये बहुधा ३० अँपिअरचा असतो. फ्यूज दिव्यासाठी नसतो, वायरीसाठी असतो. या वायरीचं आवरण कुठे घासलं जाऊन चॅसीला (गाडीच्या लोखंडी सांगाड्याला) टेकलं तर फ्यूज उडण्याच्या आधी वायरच जळेल. चार अँपिअरच्या जोडीला १० अँपिअरचा फ्यूज पुरतो. आणि तो बॅटरीच्या टोकापासून वीतभर अंतरात हवा. मीटरभर पुढे लावला तर मधला तेवढा तुकडा उघडाच राहिला.

वायरिंग नव्याने करायला लागणारं सामान फार नाही. बंपरसाठी १.५ चौरस मिलिमीटरची तांब्याची ऑटो केबल (टपावर न्यायची तर २.५ची), बटणापासून रिलेपर्यंत ०.७५ची, बॉश किंवा हेलाचा चार पिनांचा रिले सॉकेटसकट, झाकणाचा ब्लेड फ्यूज होल्डर, वायरीच्या टोकाला दाबून बसवायचे तांब्याचे लग, आत गोंद असलेली हीट श्रिंक स्लीव्ह, जाळीदार पाइप आणि फायरवॉलसाठी (इंजिन आणि केबिन यांच्यामधला पत्रा) रबरी ग्रोमेट, म्हणजे भोकाच्या कडेला वायर घासू नये म्हणून बसवायची कडी. घरातल्या फिटिंगची वायर वापरू नका. इंजिनाजवळच्या उष्णतेत तिचं आवरण कडक होऊन तडकतं.

जोडणी अशी. सुरुवातीला बॅटरीचं निगेटिव्ह काढा. रिलेच्या ३० नंबरला फ्यूजमधून बॅटरीचं पॉझिटिव्ह, ८७ ला दोन्ही दिवे, ८६ ला बटणातून येणारा सिग्नल, ८५ ला अर्थ (गाडीच्या धातूतून बॅटरीच्या निगेटिव्हकडे परतीची वाट). सॉकेटवर पाच पिना असतील आणि मधल्या ८७ए ला दिवे जोडले गेले, तर बटण बंद असताना पेटणारे दिवे मिळतात. किटच्या हार्नेसमध्येही ही उलटापालट सापडते. रिलेच्या आत डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) असेल तर ८५-८६ ची अदलाबदल चालत नाही, रिलेच्या अंगावरचं चित्र बघूनच जोडा.

बटणाला सिग्नल कुठून द्यायचा यावर कामाचा दर्जा ठरतो. थेट बॅटरीवरून दिला तर एखाद्या रात्री दिवे पेटते राहतात आणि सकाळी गाडी ढकलावी लागते. अप्परवरून (हेडलाइटच्या लांब झोतावरून) दिला की डिप्पर मारताच जोडी आपोआप विझते. रस्त्यावर चालणाऱ्या गाडीला हेच योग्य. पण आधी मीटर लावून खात्री करा, काही गाड्यांत हेडलाइट अर्थच्या बाजूने चालू-बंद होतात, तिथे ही जोडणी उलटी करावी लागते. कंपनीची वायर सोलून, पीळ मारून टेप गुंडाळणाऱ्या वायरमनला तिथेच थांबवा. वॉरंटीतल्या गाडीत इलेक्ट्रिकलचा क्लेम अडायला तेवढं एक कारण पुरतं. फ्यूज बॉक्समध्ये बसणारा दोन खाचांचा फ्यूज टॅप घ्या, काहीच कापावं लागत नाही.

अर्थ हा सगळ्यात दुर्लक्षित भाग. रंगावर आवळलेला लग म्हणजे अर्थ नव्हे. चॅसीच्या बोल्टखालचा रंग चकचकीत धातू दिसेपर्यंत घासा, दातेरी वॉशर घाला, आवळल्यावर वरून पेट्रोलियम जेली लावा. बॅटरीच्या निगेटिव्ह टोकावर सेन्सरचा छोटा डबा असेल तर अर्थ टोकावर न देता बॉडीवर द्या, नाहीतर बॅटरीचा करंट मोजणाऱ्या यंत्रणेला या दिव्यांचा हिशोबच लागत नाही.

रिले पिना खाली करून बसवा, म्हणजे पाणी साचत नाही. पॉडला जाणारी वायर कनेक्टरच्या आधी थोडी खाली सोडून वर घ्या. पाणी त्या झोळीतून ठिबकून जातं.

पॉडवर आयपी ६७ (धूळ-पाणी रोखण्याचा दर्जा) छापलं आहे म्हणजे मीटरभर पाण्यात अर्धा तास, तेही प्रयोगशाळेत, थंड दिव्याला. ओढ्यात उतरताना दिवा तापलेला असतो. गार पाणी लागताच आतली हवा आकसते आणि कडेच्या रबरातून पाणी आत ओढलं जातं. म्हणून उतरायच्या आधी पाच-दहा मिनिटं दिवे बंद ठेवा. काचेवर आलेला दमटपणा अर्ध्या तासात निघून गेला तर काळजी नको. थेंब जमून खाली ओघळत असतील तर सील गेलं. नव्या पॉडच्या कडेला सिलिकॉन फासावं, मागचं श्वासछिद्र मात्र बुजवू नये.

पट्ट्या दीड मिलिमीटरच्या पत्र्याच्या आहेत. खडबडीत रस्त्यावर झोत नाचतो. तीन मिलिमीटरची पट्टी फॅब्रिकेटरकडून कापून घ्या, नायलॉक नट (आत नायलॉनची कडी असल्याने सैल न होणारे) वापरा. कोकणात गाडी राहत असेल तर स्टीलचा बोल्ट आणि अॅल्युमिनियमचं घर यांच्यामध्ये नायलॉन वॉशर हवाच. खाऱ्या हवेत त्या जोडावर पांढरी भुकटी धरते आणि पुढे बोल्ट सुटत नाही. बुलबारवर (बंपरपुढे लावलेल्या लोखंडी पाइपच्या जाळीवर) दिवे लावायचा मोह टाळा, केंद्रीय परिवहन मंत्रालयाने डिसेंबर २०१७ मध्ये राज्यांना त्यावर कारवाई करायला सांगितलेलं आहे.

स्वस्त ड्रायव्हरचा आणखी एक गुण: दिवे लावताच एफएम खरखरतो. बसवण्याआधी टेबलावर बॅटरी लावून, रेडिओ शेजारी ठेवून तपासा. थोडी खरखर वायरीवर फेराइटचा (चुंबकीय गुणाच्या सिरॅमिकचा) कडा बसवून कमी होते. जास्त असेल तर पॉड परत करा.

शेवटी झोत लावणं. टायरची हवा बरोबर करून गाडी सपाट जागेवर भिंतीपासून आठ मीटरवर उभी करा, दिव्याच्या मध्याची उंची भिंतीवर खडूने आखा. फॉग लॅम्पची वरची कड त्या रेषेखाली साधारण १६ सेंटिमीटर यायला हवी. अप्परसोबत चालणाऱ्या स्पॉटचा मध्य रेषेवर किंवा किंचित खाली. हे आठ मीटर कायद्याशीही जुळतात: केंद्रीय मोटार वाहन नियम १९८९ मधला नियम १०६ समोरच्याच्या डोळ्यांवर येणारा झोत मोजताना आठ मीटर अंतर आणि दीड मीटर उंची धरतो. टपावरचा आणि ए-पिलरवरचा दिवा या कसोटीला सहसा उतरत नाही, म्हणून ट्रेल संपून डांबरी लागली की तो बंद करून वर अपारदर्शक टोपी चढवा. ती किटमध्ये मिळत नाही, मापाची वेगळी घ्यावी लागते.